उलट्या अक्षरांचा बॉयलर

आमच्या भंडाऱ्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. पोट मोठं, गळा आखूड, तांब्याचा नाहीतर पितळेचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याचा माझा साडू पहिल्यांदा घरी आला तेव्हा माझी बायको पार्वताबाई त्याला म्हणाली, "भाऊजी, तेवढा गुंड उचलून द्या बरं," आणि तो दाराबाहेर कोण उभं आहे ते बघायला गेला. त्याच्या अर्थाचा गुंड या गोष्टीत मी आहे. भांड्याचा काही दोष नाही.

माझं नाव परसराम. करडीला राहतो. मँगनीजच्या खाणीत वर्कशॉपात छत्तीस वर्षं फिटर होतो. निवृत्तीनंतर माणसं राजकारणाला लागतात नाहीतर मोबाईलला लागतात, मी इंजिनाला लागलो. लहानपणी गोंदियाकडच्या छोट्या लाईनीवर पाहिलेलं वाफेचं इंजिन, तसंच, पण साडेतीन इंच अंतराच्या रुळांवर चालणारं. लांबीला माझ्या हाताएवढं. दिसायला खेळणं, पण कोळसा खातं, पाणी पितं आणि वाफेवर पळतं. अंगणातल्या आंब्याभोवती मी लोखंडी पट्ट्यांचे रूळ टाकले, खाली सागाच्या तुकड्यांचे स्लीपर बसवले. पार्वताबाईला वाळवण घालायला जागा उरली नाही, म्हणून ती ते आता छपरावर घालते आणि येता-जाता रुळांकडे बघून काहीतरी पुटपुटते.

पहिला बॉयलर मी आग विझवायच्या जुन्या सिलिंडरचा केला. लोखंडी, जाड, आळशी. तापायलाच अर्धा तास घ्यायचा आणि आंब्याला एक फेरी मारली की इंजिन धापा टाकत उभं राहायचं. रविवारी बुद्ध विहारात वंदना आटोपली की मंडळी माझ्या अंगणात यायची. विहार समितीतला कैलाश हमखास म्हणायचा, "परसराम भाऊ, याले चहा पाजा. थकलं ते." सगळे हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो. खरं तर मला कोणी हसलेलं अजिबात चालत नाही, हे पार्वताबाई सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

बॉयलर तांब्याचाच हवा होता. तांबं लवकर तापतं, गंजत नाही आणि चांदीचा डाग चांगला धरतं. दोन पत्रे जोडायचे तर सांध्यावर चांदी मिसळलेला धातू वितळवून सोडतात, त्याला आमच्या धंद्यात डाग देणं म्हणतात. डाग चांगला बसला तर वाफेचा कितीही दाब आला तरी सांधा सुटत नाही. पण बॉयलरला लागतं तसं जाड तांबं मला कुठे मिळेना. दुकानांत होतं ते पापडासारखं पातळ.

विहाराची भांडी माझ्या ताब्यात असायची. गंज म्हणजे मोठी पातेली, पराती, गुंड, बादल्या. लग्नकार्याला ज्याला लागतील तो न्यायचा, मी वहीत लिहायचो, परत आली की खूण करायचो. किल्ली माझ्याकडे, वही माझ्याकडे, आणि रविवारी पंचशील म्हणायला सुरुवातही मीच करायचो, कारण माझा आवाज खणखणीत आहे. त्यातलं दुसरं शील चोरी न करण्याचं. ते मी गेली दोन वर्षं तितक्याच खणखणीत आवाजात म्हणत आलो.

आता बाबूलालचं सांगतो. बाबूलाल मेश्राम माझ्या पहिलीपासूनचा सोबती. तुमसरच्या एका छापखान्यात तो खिळे जुळवायचा. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. आपण छापलेली लग्नपत्रिका वाचतो, बाबूलाल ती छापण्याआधी खिळ्यांवरच वाचून चूक काढायचा. उलटं वाचताना त्याचा वेग आमच्या सुलट वाचण्यापेक्षा जास्त. छापखाना बंद पडला तसा तो गावी आला आणि विहाराचं सगळं लिखाण त्याच्याकडे गेलं. फळा, सूचना, सभेचा वृत्तांत, सगळं. त्याच्या हातून काना-मात्रा सुटत नसे.

त्याचे वडील देवाजी शेवटच्या वर्षांत सगळं विसरले. बाबूलाल ताट घेऊन समोर बसायचा आणि म्हातारा त्याला विचारायचा, "तुमी कोणत्या गावचे जी?" ते गेल्यावर बाबूलालने त्यांच्या नावाने विहाराला तांब्याचा एक गुंड दान दिला. जुन्या घडणीचा, जड. भांड्यावर नाव टाकणाऱ्याने सवयीने 'कै.' ठोकलं. बाबूलालने त्याला तिथेच थांबवलं. आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. त्या माणसाने 'कै.'वर आडवे ठोके मारून ते खोडलं आणि पुढे ठिपक्या-ठिपक्यांनी पुरती ओळ काढली: कालकथित देवाजी सोमा मेश्राम यांचे स्मरणार्थ बुद्ध विहारास दान.

दोन वर्षांपूर्वी बाबूलालच्या मुलीचं, हर्षाचं लग्न झालं. मुलगा बपेऱ्याचा. लग्नाला विहाराची भांडी गेली आणि परत आली, मी खुणा केल्या. गुंड मात्र बाबूलालने दोन दिवसांनी सायकलला बांधून माझ्या घरी आणला. "परसराम, याचं बुड पाझरते गा. डाग देऊन दे, मंग विहारात ठेव," म्हणाला. मी म्हणालो, ठेव तिथं. पार्वताबाई बचत गटाच्या बैठकीला गेली होती. आम्हा दोघांशिवाय अंगणात कोणी नव्हतं. वहीत खूण करायची राहिली, आणि ती मुद्दाम राहिली नव्हती, एवढं माझ्या बाजूने सांगता येतं. त्यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

आठ दिवस गुंड माझ्या बाकाखाली होता. मी त्याला टिचकी मारून बघायचो, कडेला बोट लावून जाडी बघायचो. मग रविवार आला, इंजिन पुन्हा एका फेरीत बसलं, कैलाशने पुन्हा चहा पाजला, आणि सोमवारी सकाळी मी गुंड कापला.

गळा आणि बुड काढून टाकलं. पोटाचा पत्रा लाल होईतो तापवला, पाण्यात बुडवून नरम केला, लाकडी मोगरीने ठोकून सपाट केला. एका बाजूला पोचा आणि चीर होती, ती चालण्यासारखी नव्हती. चांगली बाजू म्हणजे नेमकी नावाची बाजू. मी ती नळीसारखी वळवताना नाव आत घेतलं. आत पाणी राहील, कोणाला दिसणार आहे? पण ठिपके खोल ठोकलेले होते. बाहेरून पत्र्यावर बारीक पुटकुळ्या उठल्या, ओळीने, उलट्या. मी कानस घेतली आणि थांबलो. पुटकुळ्या घासल्या असत्या तर त्या जागी पत्रा पातळ झाला असता आणि वाफेचा दाब आल्यावर बॉयलर बरोबर नावापाशी फाटला असता. तेवढी अक्कल मला होती. मग मी बॉयलरवर सागाच्या पट्ट्या लावल्या आणि वरून पितळी कड्या कसल्या. खऱ्या इंजिनालाही उष्णता राखायला असं आवरण असतं, त्यामुळे कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

नवा गुंड आणून त्यावर नाव टाकून घेऊ, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. भंडाऱ्याला जाणंही झालं, एकदा चाकांसाठी आणि एकदा दाबाच्या काट्यासाठी.

त्याच वर्षी एका पौर्णिमेआधी विहारात भांड्यांची मोजणी झाली. पाच-सात जण होते. कैलाश वही वाचत होता. "तांब्याचा गुंड, बाबूलाल भाऊकडे. खूण नाही."

"तो परसरामकडे देला ना मी," बाबूलाल म्हणाला. "डाग द्याले."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "माझ्याकडे? मले तं आठवत नाही."

तेवढंच बोललो. नाही दिला असं म्हणालो नाही, बाबूलाल खोटं बोलतो असंही म्हणालो नाही. आठवत नाही म्हणालो, आणि मला वाटलं की ही पळवाट बरी आहे, हिच्यात कोणाला लागत नाही. बाबूलाल माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. हातातला खिळा कोणत्या खणातला तेच आठवेना झालं तर खिळे जुळवणारा जसा बघेल, तसा. मग म्हणाला, "असंल मंग. माझ्याच हातून कोठं गेला असंल."

गावात लोक म्हणाले, बापाच्या नावाचा होता, जीव गुंतला असेल, ठेवून घेतला असेल घरी. ते बोलणं चार महिन्यांत विरलं. बाबूलालचं मात्र वेगळंच सुरू झालं. तो चिठ्ठ्या लिहू लागला. शर्टाच्या खिशात रबराने बांधलेला गठ्ठा असायचा. दुकानात जाताना चिठ्ठी, कोणाशी बोलणं झालं की चिठ्ठी. विहाराचं लिखाण त्याने आपणहून सोडलं. "माझा भरवसा नाही आता," म्हणाला. एकदा माझ्याकडे मुद्दाम आला, बाकाशेजारी बसला आणि हळू आवाजात विचारलं, "परसराम, मी खरंच देला नव्हता का गा? मले तं सायकलची दोरीही आठवते." त्याच्यापासून दोन हातांवर सागाच्या पट्ट्यांखाली तो गुंड होता. मी म्हणालो, "वय झालं आपलं, बाबूलाल. होते असं." त्याने मान हलवली आणि एक चिठ्ठी लिहिली.

इंजिन मात्र सुरेख झालं. तांब्याचा बॉयलर दहा मिनिटांत वाफ धरायचा. मी त्याला तेलाची डबी बसवली, शिट्टी बसवली, वळणावरचे रूळ नव्याने वाकवले. आता ते मागच्या गाड्यावर एका माणसाला बसवून आंब्याला वीस फेऱ्या मारायचं. कैलाशने चहाचं बोलणं सोडलं. कोणी हसत नव्हतं, आणि मला त्यात पूर्वी वाटली असती तशी मजा वाटत नव्हती.

यंदा विहार समितीने ठरवलं की बुद्ध पौर्णिमेला विहाराच्या आवारात इंजिन चालवायचं. बाबूलालला त्यातून बाहेर ठेवणं मला जमेना, म्हणून मी त्याला इंजिनाच्या नावाची पाटी करायला सांगितली. 'पार्वता' असं नाव. स्वस्तात फेडण्याचा प्रकार होता तो, मला तेव्हाही कळत होतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी कैलाशचा पुतण्या अनुप आला. तो आयटीआयमध्ये शिकवतो. समितीनेच त्याला बॉयलर तपासायला पाठवलं होतं. त्याने बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला, हातपंप जोडला आणि म्हणाला, "वाफेच्या दुप्पट दाब द्या लागंल, काका. पण आधी हे लाकूड काढा. सांधे दिसले पाह्यजे."

"लाकूड काढाची गरज नाही," मी म्हणालो. "माझ्या हातचा डाग आहे. सुटत नाही."

"मंग भेव कायचं आहे?"

एवढं पुरलं. माझ्या हातच्या कामावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. शिवाय मी मनात धरून होतो की अनुपला त्या पुटकुळ्या म्हणजे जुने ठोके वाटतील. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, कड्या सैल केल्या आणि पट्ट्या एकेक करून खाली टाकल्या. तांबं उघडं पडलं. अनुप पंप मारू लागला. तेवढ्यात फाटकाशी सायकल वाजली.

बाबूलाल पाटी घेऊन आला होता. पाटी कापडात गुंडाळलेली. खिशातून चिठ्ठी काढून त्याने आधी वाचली. "इंजिनाचं नाव पार्वता. तले वेलांटी नाही. बरोबर आहे ना, परसराम?"

"बरोबर आहे."

"नाही, विचारून घेतलं बरं राहते." मग त्याचं लक्ष पंपाकडे गेलं आणि तो बॉयलरवर वाकला. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. एकेका पुटकुळीला सावली होती. मी मध्ये उभं राहायला हवं होतं, कापड टाकायला हवं होतं, काहीतरी.

बाबूलालचं बोट उजवीकडून डावीकडे सरकू लागलं. मुद्रित तपासताना वाचतात तशा सपाट आवाजात तो वाचू लागला. "आधी कै, खोडलेला. कालकथित देवाजी सोमा मेश्राम यांचे स्मर." पुढे पत्रा कापलेला होता. तिथे त्याचं बोट थांबलं.

"काय वाचून राहिले, काका?" अनुपने विचारलं. तो काट्याकडे बघून म्हणाला, "परसराम काका, दुप्पट झाला. एक थेंब नाही. डाग पक्का आहे तुमचा."

बाबूलाल सरळ उभा राहिला. तो मला मारेल असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "परसराम," तो म्हणाला, "म्हणजे मी गुंड तुले देला होता ना?"

"हो."

"सायकलले बांधून आणला होता."

"हो."

"बुड पाझरे म्हणून."

"हो, बाबूलाल."

"तं माझं डोस्कं ठीक आहे."

"तुझं डोस्कं ठीकच आहे."

तो ओट्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. पार्वताबाई दारात येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला, माझ्याकडे बघितलं नाही. पाणी पिऊन बाबूलाल तिलाच सांगू लागला, जसा मी तिथे नव्हतोच. "वयनी, मले वाटे बाबासारखं होऊन राहिलं. हर्षाले मीच सांगतलं, लेकराले माझ्यापाशी ठेवत नको जाऊ, कोठं विसरून येईन. वर्साचं झालं ते. एकदाही एकटा घेऊन फिरलो नाही."

हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी माहीत करून घेतलं नव्हतं. लाजेने माणूस लाल होतो म्हणतात. मी थंड पडलो होतो, मे महिन्यात, भर उन्हात. तोंडातून "बाबूलाल, माझं चुकलं" एवढं निघालं, आणि ते फार लहान वाटलं.

तो उठला. खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्याने माझ्या बाकावर ठेवला. "आता या मले कायले पाह्यजे," म्हणाला. पाटीही तिथेच ठेवली. "बपेऱ्याले जाऊन येतो. लेकराले पाह्यतो." सायकल फाटकाबाहेर पडून बसथांब्याकडे गेली. अनुपने पंप काढला, पाणी सोडून दिलं आणि काही न विचारता निघून गेला.

पार्वताबाई म्हणाली, "एवढं तांबं कोठून आलं, मी एकदाही इचारलं नाही. माझीही चूक आहे." मग ती आत गेली.

मी गठ्ठ्याचं रबर काढलं. वरच्या चिठ्ठ्या ताज्या. 'परसरामकडे पाटी नेणे.' 'पार्वता, तला वेलांटी नाही.' खाली जसजसा गेलो तसतसा कागद पिवळा होत गेला. 'गॅस बंद केला. स्वतः पाहिले.' 'हर्षाचा फोन आला होता, मंगळवारी.' अगदी तळाला, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, सगळ्यात जुनी चिठ्ठी होती. अक्षर छापल्यासारखं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ती वाचून मी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मी इंजिन विहारात नेलं, पण सागाच्या पट्ट्या लावल्या नाहीत. लोक जमले होते, मागे बायका, पुढे लेकरं. बाबूलाल बपेऱ्याहून सकाळच्या बसने परतला होता आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर नातू होता, शेजारी हर्षा. वंदना झाली. पंचशिलाला सुरुवात करायला सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, आज दुसऱ्या कोणी सुरू करा, मला आधी एक वाचायचं आहे. किल्ली आणि वही मी कैलाशच्या हातात दिली आणि खिशातली चिठ्ठी काढली.

'तांब्याचा गुंड मी परसरामला दिला असे मला वाटते. परसराम म्हणतो, आठवत नाही. परसराम खोटे बोलत नाही. म्हणजे मीच विसरलो.'

शेवटच्या दोन ओळींना माझा आवाज गेला. खणखणीत आवाजाचा माणूस मी, घशातून नुसता वारा निघाला. पुढे काय सांगायचं ते मी पाठ करून आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

तेव्हा शेवटच्या रांगेतून बाबूलाल म्हणाला, "मोठ्यानं वाच. मांगं आयकू नाही येत."

मी चिठ्ठी पुन्हा वर धरली आणि पहिल्या शब्दापासून, मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.